पानशेतची मिळवलेली रात्र

राळेगणसिद्धीच्या पाण्याची कहाणी सांगणारे बहुतेक जण १९७५ पासून सुरुवात करतात. अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले, यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला, श्रमदान सुरू झालं, नालाबांध उभे राहिले. या कहाणीतला एक तपशील घाईघाईत मागे पडतो. गावात सरकारी पाझर तलाव आधीच होता, पण त्याची पाळ गळत होती, म्हणून पाणी टिकत नव्हतं. गावकऱ्यांनी श्रमदानानं ती पाळ दुरुस्त केली आणि तलावाखालच्या सात विहिरींना भर उन्हाळ्यात पाणी राहिलं. त्या कामासाठी त्या माणसांना बांध जवळून बघावा लागला. पाणी कुठून जातंय, माती कुठे सैल आहे, खाली ओल कुठे दिसते, हे सगळं शोधावं लागलं.

पारनेर तालुक्यातलं हे गाव. वर्षाला सरासरी ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. अशा गावाला धरणफुटीबद्दल सांगणं अनेकांना अप्रस्तुत वाटेल. मला तसं वाटत नाही. ज्या गावांनी पाणी अडवलं, त्यांनी आपल्या वस्तीच्या वरच्या अंगाला पाण्याचं वजन आणून ठेवलं आहे. ते वजन मातीवर विसावलेलं आहे आणि मातीचा बांध फुटतो तेव्हा फार थोडा वेळ देतो. तो वेळ कसा मिळतो आणि कसा वाया जातो, हे महाराष्ट्रानं एकदा फार मोठी किंमत देऊन पाहिलं. पुण्याच्या वरच्या अंगाला, १९६१ च्या जुलैमध्ये.

एक वर्ष आधीच

मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर पानशेत इथे मातीचं धरण बांधलं जात होतं. उंची ५१ मीटर, साठा सुमारे २१४ दशलक्ष घनमीटर. काम १९६२ मध्ये पूर्ण व्हायचं होतं. पण १९६१ च्या पावसाळ्यातच पाणी अडवायचं ठरलं.

मातीच्या धरणाच्या पोटातून पाणी बाहेर काढायला एक मोरी असते, तिला अभियंते विमोचक म्हणतात. धरण भरू लागल्यावर पाण्याची पातळी आपल्या हातात ठेवायची ती याच वाटेनं. पानशेतच्या विमोचकाचं काम अपुरं होतं. दरवाजे आणि ते उचलण्याची यंत्रणा पूर्ण सज्ज नव्हती. मोरीच्या बांधकामात लोखंडी सळयांचं बळ नव्हतं. आणि त्या मोरीच्या डोक्यावर सगळा भराव उभा होता.

घाईचं कारण समजण्यासारखं आहे. शेतीला, शहराला पाणी लवकर हवंच होतं. पण नव्या भरावाला बसायला वेळ लागतो. पहिल्या भरणीला पाणी टप्प्याटप्प्यानं चढवायचं असतं. दरवाजाच धड चालत नसेल तर पाणी किती चढावं हे ढग ठरवतात.

चोवीस दिवस आधी

१८ जूनला पाऊस लागला. तेव्हापासून १२ जुलैपर्यंत धरणाच्या पाणलोटात १,७७८ मिलिमीटर पाऊस झाला. राळेगणच्या माणसाला हा आकडा वेगळ्या रीतीनं सांगायला हवा: आपल्याकडे साधारण चार वर्षांत पडतो तेवढा पाऊस तिथे साडेतीन आठवड्यांत पडला.

तलाव झपाट्यानं चढत गेला. नव्या भरावाला त्या भाराशी जुळवून घ्यायला सवड मिळाली नाही. खाली मोरीतून पाणी कधी तुडुंब दाबानं, कधी मोकळं असं धडकत होतं. अर्धवट सज्ज दरवाजा त्या माऱ्यात हादरत होता. हादरे मोरीला बसत होते आणि मोरीच्या डोक्यावर माती होती.

सुमारे तेरा तास आधी : ११ जुलैची संध्याकाळ

आता धोका डोळ्यांना दिसू लागला होता. मोरीच्या वरच्या अंगाला भरावाला भेगा पडल्या. धरणाच्या लांबीला काटकोनात, म्हणजे पाण्याच्या बाजूकडून कोरड्या बाजूकडे जाणाऱ्या. मातीच्या बांधावर आडवी भेग आणि उभी भेग यांत फरक असतो. धरणाच्या लांबीला समांतर गेलेली भेग उतार घसरत असल्याचं सांगते. आरपार जाणारी भेग पाण्याला वाट दाखवते. पानशेतला दिसत होती ती दुसरी.

भेगांमधला सुमारे नऊ मीटर रुंदीचा पट्टा खाली बसू लागला. अडीच तासांत तो जवळपास १.४ मीटर खचला. खचलेल्या जागी धरणाचा माथा आणि तलावाचं पाणी यांत ०.६ मीटर अंतर उरलं. मांडीला लागेल एवढं. मातीच्या धरणावरून पाणी वाहायला लागलं की खेळ संपतो, कारण वाहतं पाणी आपल्याच खाली माती कापत जातं आणि प्रत्येक मिनिटाला वाट रुंद होते. दगडी धरण काही तास तग धरू शकतं. मातीच्या धरणाला ती सवलत नाही.

रात्र

पुण्यातून लष्कराचे जवान धरणावर पोहोचले. अमावास्येच्या तोंडावरची काळोखी रात्र, कोसळता पाऊस, पायाखाली खचणारी माती. त्या खचणाऱ्या भागावर त्यांनी वाळूची पोती रचायला सुरुवात केली. पोतं भरायचं, चिखलातून वाहून न्यायचं, रचायचं, आणि रचलेला थर खाली बसला की त्यावर दुसरा थर. एका बाजूला खोल दरी आणि दुसऱ्या बाजूला हाताच्या अंतरावर चढणारं पाणी. बांध गेला असता तर ते त्याच्यासोबत गेले असते, आणि हे प्रत्येकाला कळत होतं.

त्यांनी धरण वाचवलं नाही. ते वाचण्याजोगं उरलंच नव्हतं. पण त्यांनी फुटण्याची वेळ पुढे ढकलली. जे रात्री व्हायचं होतं ते सकाळवर गेलं. पुणेकरांच्या कित्येक पिढ्या या एका कारणानं जिवंत आहेत. हा पूर मध्यरात्री आला असता तर पेठांमधल्या तळमजल्यावर झोपलेली माणसं अंथरुणातच गेली असती. त्या जवानांविषयी बोलताना मला आजही शब्द अपुरे वाटतात.

आणि इथेच या घटनाक्रमातली सर्वांत वेदनादायक गोष्ट येते. धरणावर मिळवलेला प्रत्येक तास चाळीसेक किलोमीटर खाली असलेल्या शहराच्या उपयोगी पडायला हवा होता. एका टोकाला माणसं पाठीवर पोती घेऊन वेळ कमावत होती, दुसऱ्या टोकाला शहर झोपलेलं होतं. नदीकाठच्या पेठांमध्ये दारं ठोठावली जात नव्हती. कोणत्या गल्लीनं कुठे चढायचं, म्हाताऱ्या माणसांना कोण उचलणार, कोणत्या शाळेची इमारत उंचावर आहे, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. धरण फुटलं तर पाणी शहरात कुठवर येईल याचा नकाशा लोकांच्या हाती नव्हता.

अशा वेळी इशारा का अडतो? धरणावरच्या माणसाला शेवटपर्यंत आशा असते. वरिष्ठाला वाटतं, सांगितलं आणि धोका टळला तर गोंधळ माजवल्याचा ठपका येईल. खालच्याला वाटतं, वरून आदेश आल्याशिवाय आपण बोलायचं नाही. कुणाचाही हेतू वाईट असावा लागत नाही. इशारा कुणी, कुणाला, कशा शब्दांत आणि कोणत्या खुणेला द्यायचा हे आधी ठरलेलं नसेल तर तो प्रत्येक पायरीवर थोडा थोडा थांबतो, आणि रात्र निघून जाते.

शून्य तास : १२ जुलै, सकाळी सातच्या सुमारास

बुधवार होता. मोरीवरचा भराव कोसळला आणि पानशेत फुटलं. सेकंदाला हजारो घनमीटर पाणी आंबीच्या खोऱ्यातून खाली निघालं. पुराचा कमाल लोंढा नंतर सेकंदाला ४,८७० घनमीटर असा अंदाजला गेला.

पुढचे चार तास : खडकवासला

पानशेत आणि पुणे यांच्या मध्ये खडकवासल्याचं धरण होतं. १८७९ मध्ये पुरं झालेलं, कठीण खडकावर रचलेलं, दगडी बांधकामाचं. वय ऐंशीच्या पुढे. ते आधीच भरलेलं होतं आणि त्याचे दरवाजे जवळजवळ पूर्ण क्षमतेनं पाणी सोडत होते. त्यात पानशेतचा लोंढा येऊन पडला.

धरणाच्या अख्ख्या लांबीवरून पाणी वाहू लागलं, माथ्यावर जवळपास २.७ मीटर. धरण थरथरत असल्याचं पाहणाऱ्यांनी सांगितलं. ज्या पुरासाठी ते बांधलं होतं त्याहून कितीतरी जास्त पाणी अंगावर घेऊन ते सुमारे चार तास उभं राहिलं. रात्री जवानांनी दिलं, तसंच हे चार तासांचं दुसरं दान या जुन्या दगडांनी पुण्याला दिलं.

ते तास शहरात कसे गेले? नदीला मोठं पाणी आल्याची बातमी पसरली आणि लोक नदीकडे निघाले. पूर बघायला. पुलांवर, घाटांवर, काठच्या रस्त्यांवर गर्दी झाली. पुणेकर मुठेचा पूर दरवर्षी बघत होते. पाणी चढतं, पायऱ्या बुडतात, दोन दिवसांनी उतरतं, हे त्यांच्या परिचयाचं होतं. या पाण्याची जात वेगळी आहे हे त्यांना कुणी वेळेवर, विश्वास बसेल अशा आवाजात सांगितलेलं नव्हतं. मग धरण फुटल्याची आरोळी आली. सायकलवरून, पळत पळत, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात. काहींनी ती खरी मानली आणि पर्वतीकडे, उंच भागाकडे धाव घेतली. काहींना ती अफवा वाटली. सामान माळ्यावर चढवावं की घर सोडावं, या विचारात किती घरांनी शेवटची वीस मिनिटं घालवली असतील!

माळ्यावर सामान चढवणारी माणसं मूर्ख नव्हती. पाणी गुडघ्याला येणार की छपरावर जाणार, हे कळल्याशिवाय माणूस योग्य निर्णय घेऊ शकत नाही. ‘सावध राहा’ या दोन शब्दांनी काहीच सांगून होत नाही.

दुपार

मध्यान्हीच्या आगेमागे खडकवासलाही गेलं. आता त्याचा स्वतःचा साठाही पुरात मिसळला. मुठेवरचे पूल पाण्याखाली गेले. डेक्कन जिमखाना, नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा, पुढे संगमापर्यंत नदीकाठचा सगळा जुना भाग बुडाला. मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात बसले, म्हणजे जागच्या जागी विरघळल्यासारखे खाली आले. वीज गेली. दूरध्वनी गेले.

संध्याकाळपर्यंत पाणी ओसरू लागलं. मागे राहिला चिखल. आणि ज्या शहराला पाण्यानं बुडवलं त्याला दुसऱ्या दिवशी प्यायला पाणी नव्हतं, कारण खडकवासला हेच पुण्याच्या नळांचं मूळ होतं. वाड्यांतले बंद पडलेले आड पुन्हा उपसले गेले.

मृतांची संख्या हजाराच्या घरात सांगितली जाते. सरकारी आकडा त्याहून बराच कमी होता. हजारो कुटुंबं उघड्यावर आली. गोखलेनगरसारख्या पूरग्रस्त वसाहती त्या चिखलातून उभ्या राहिल्या. चौकशीसाठी न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमला गेला. चौकशी चालू असतानाच त्यांनी आत्महत्या केली. पुढचं काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेलं. एका दुर्घटनेचं ओझं किती जणांच्या खांद्यावर पडतं, हे त्या एका मृत्यूतही दिसतं.

अठ्ठावन्न वर्षांनी, रात्री साडेनऊच्या सुमारास

पानशेत मोठं होतं, शहराच्या डोक्यावर होतं, म्हणून आठवणीत राहिलं. पण आजच्या खेड्याला तिवरे जास्त जवळचं आहे.

२ जुलै २०१९. रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण तालुक्यात तिवऱ्याचं मातीचं धरण रात्री फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसं गेली. जेवणं आटोपून माणसं घरात होती. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, थोडीफार डागडुजीही झाली होती. म्हणजे ज्यांना धोका होता त्यांना तो दिसत होता. पण दिसलेल्या धोक्याचं रूपांतर ‘आज रात्री या वाडीत कुणी झोपायचं नाही’ अशा निर्णयात करण्याची कुठलीच व्यवस्था नव्हती. तक्रार कागदावर वर गेली आणि पाणी डोंगरावरून खाली आलं.

दुर्घटनेनंतर तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं आणि राज्यभर संताप उसळला. तो संताप योग्य होता, कारण त्या विधानात जबाबदारी झटकली गेली होती. पण मला त्यातला दुसरा अर्धा भागही सोडवत नाही. खेकडे, घुशी, उंदीर मातीच्या बांधाला बिळं पाडतातच. झाडांची मुळं आत शिरतात आणि झाड वाळलं की मुळांच्या जागी नळी उरते. म्हणूनच बांधावर रोज फिरणारं माणूस लागतं. तिवऱ्याला पानशेतसारखी मिळवलेली रात्र नव्हती, कारण पोती रचायला कुणी तिथे नव्हतं आणि बांधावर कंदील घेऊन उभं राहायला कुणाला सांगितलेलं नव्हतं.

राळेगणच्या पाळीवर

धरण सुरक्षा कायदा २०२१ च्या अखेरीस लागू झाला. त्यानुसार मोठ्या धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक आहे. नव्या धरणाला पहिली भरणी करण्याआधी, जुन्या धरणांना पाच वर्षांच्या मुदतीत. ही फार चांगली गोष्ट आहे. १९६१ मध्ये असा आराखडा असता तर ११ जुलैच्या संध्याकाळी कुणाला फोन करायचा यावर वाद उरला नसता. पण हा कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू होतो. दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांना काही अटी पूर्ण झाल्या तरच. गावोगावचे पाझर तलाव, नालाबांध, गावतळी त्याच्या बाहेर राहतात. त्यांचा आराखडा करणारं दुसरं कुणी नाही. तो ग्रामसभेनंच करायचा आहे.

राळेगणला मी हे सांगू धजतो, कारण या गावानं याहून अवघड गोष्टी ग्रामसभेत ठरवून पाळल्या आहेत. पुरंदरच्या विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीतून शिकून इथे पाणी वाटून घेतलं गेलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी सगळ्यांनी मिळून पाळली. अठ्ठेचाळीस नालाबांध बांधणाऱ्या गावाला त्या बांधांचा पहारा जड जाणार नाही. दुष्काळी भागात मोठा धोका वेगळाच असतो. चार वर्षं तलाव रिकामा राहतो. भराव उन्हानं तडकतो, सांडव्यात बाभळी वाढतात, कुणी तिथे शेत सरकवतं, कुणी पाणी जास्त टिकावं म्हणून सांडव्याच्या तोंडाशी मातीची पोती लावतं. मग पाचव्या वर्षी एका रात्रीत ढगफुटीसारखा पाऊस होतो आणि तडकलेल्या मातीवर एकदम पाणी चढतं.

मृग लागण्याआधीच्या ग्रामसभेत दर वर्षी हा विषय यावा असं मला वाटतं. सांडवा साफ आहे का, हे लोकांनी स्वतः चालत जाऊन बघावं, फोटोवर भागवू नये. प्रत्येक बांधाला दोन घरांची नावं जोडावीत, त्यातलं एक तरी घर बांधाच्या नजरेच्या टप्प्यात असावं. पायथ्याशी पाझरणारं पाणी नितळ असेल तर ते रोज बघत राहावं आणि किती येतंय हे लिहून ठेवावं. ते गढूळ झालं तर आतली माती वाहते आहे. तेव्हा तालुक्याला कळवायचंच, पण उत्तराची वाट न बघता खालची वस्ती हलवायची. हा निर्णय घेण्याचा अधिकार त्या दोन घरांना आधीच दिलेला असावा, आणि पाणी आलं नाही तर त्यांना कुणी हसणार नाही, हेही त्याच ठरावात लिहावं. पानशेतच्या रात्री नेमकी हीच परवानगी कुणाजवळ नव्हती.

रिकामी पोती आणि फावडी कुठल्या खोलीत आहेत आणि त्या खोलीची किल्ली कुणाकडे, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असावं. ओढ्याकाठच्या कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोणत्या घरात बाळंतीण आहे, याची यादी आशा ताईंकडे असतेच. तीच यादी तरुण मंडळाच्या हाती द्यावी आणि प्रत्येक नावापुढे उचलून नेणाऱ्या दोघांची नावं लिहावीत. जनावरांची दावी सोडायला वेगळी माणसं नेमावीत, कारण गाईसाठी मागे वळलेला शेतकरी परत येत नाही. मंदिराच्या भोंग्यावरून द्यायचा इशारा एकाच वाक्याचा असावा. त्यात कुठला बांध, कुठली वस्ती आणि कुठे जायचं, एवढंच असावं. पूर बघायला ओढ्यावर जायचं नाही, हे मुलांना शाळेत शिकवावं.

आणि या सगळ्याची तालीम जूनमध्ये एकदा रात्री घ्यावी. गावची वीज बंद ठेवून, भोंगा चालणार नाही असं धरून, फक्त हाकांवर आणि घंटेवर. किती वेळात शेवटचं घर रिकामं झालं हे घड्याळ लावून मोजावं, आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर पावसाच्या नोंदीशेजारी लिहावा.